रायटर कोरी सीडी ओळखत नाही

३ जुलै २०२५, गुरुवार

कॉम्प्युटरच्या सीडी-रायटरने आज असहकार पुकारला. कोरी सीडी घातली, ट्रे आत गेला, हिरवा दिवा लुकलुकला, आत खाकरल्यासारखा आवाज झाला आणि पडद्यावर वाक्य आलं, कृपया डिस्क घाला. अरे, घातली आहे, तुझ्या तोंडातच आहे! बाहेर काढून पुसली, परत घातली. परत तेच. बंडलातल्या आणखी चारदोन घालून पाहिल्या. सगळ्यांना एकच उत्तर.

मग इथल्या बेंगळुरूच्या मराठी मंडळाने पूर्वी छापून घेतलेली कार्यक्रमाची सीडी घातली, तर शहाण्यासारखी लगेच वाजली. म्हणजे यंत्र आंधळं नाही. आधीच लिहिलेलं असेल तर वाचतं. कोरं असेल तर समोर काही आहे हेच त्याला मान्य नाही.

हा खटाटोप प्रेमासाठी, माझ्या बायकोसाठी. एप्रिलमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. पाय थोडा सावरला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. म्हणजे मराठी गेली. अधूनमधून कन्नडमध्ये काहीबाही म्हणते, पण त्याला बोलणं म्हणता येत नाही. इतकी वर्षं मला ‘अहो’ म्हणायची, आता ‘री, री’ करते. दिवसा तिचं सगळं बघायला भाग्यलक्ष्मी येते. ती म्हणाली, आमच्यात नवऱ्याला अशीच हाक मारतात. मी म्हटलं, मला ‘अहो’ म्हणतात.

वाचा परत आणायची तर तिचाच आवाज तिला ऐकवावा, असं मला सुचलं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात निवेदन प्रेमाचं आणि शेवटचा अभंगही तिचाच, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. निवृत्तीनंतर त्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या आहेत. तिच्या उशाशी जुना सीडी प्लेयर आहे, त्याचं मोठं बटण तिला डाव्या अंगठ्याने दाबता येतं. मोबाइल जमत नाही. लेकीने, यशश्रीने, आणलेला बिनतारी स्पीकर एकदम बोलायला लागला तेव्हा ती दचकून रडायलाच लागली. तेव्हा सीडीच हवी, आणि लवकर हवी. स्पीच थेरपीच्या बाई म्हणतात, जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं. जुलै लागला.

४ जुलै, शुक्रवार

दुसऱ्या कंपनीच्या सीडी आणल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी प्रेमा हाका मारत होती. गेलो. ‘कुंद्री, कुंद्री’ म्हणून पलंगावर हात आपटायला लागली. भाग्यलक्ष्मी म्हणाली, “साब को बैठने को बोलते अम्मा.” थोडा वेळ बसलो. प्रेमा माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं सोसत नाही. तिच्याजवळ बसलं की मला काहीच करता येत नाही, आणि रायटरसमोर बसलं की निदान काहीतरी करत असतो. तिला सांगितलं, सीडी होऊ दे, मग निवांत बसतो.

६ जुलै, रविवार

यशश्री आली होती. आमची एकुलती एक लेक, मारतहळ्ळीला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रायटर बघून हसली. म्हणाली, “बाबा, हे असलं म्युझियममध्येसुद्धा घेणार नाहीत.” नवीन घेऊन देते म्हणाली. मी म्हटलं, बिघाड कळल्याशिवाय वस्तू टाकायची हे तुमच्या पिढीचं शास्त्र, आमचं नाही.

सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग विभागात माझी हयात गेली. तिथे एकच नियम शिकलो आणि पुढे पोरांना शिकवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तरी ते कशाने चालू झालं हे कळत नाही, आणि जे कळलं नाही ते दुरुस्त झालं असं म्हणता येत नाही. आधी सीडी बदलल्या. आता केबल. मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला रायटरची ओळख करून देणारा प्रोग्रॅम. मग सॉफ्टवेअर. यंत्र उघडायचं ते सगळ्यात शेवटी.

दुपारी प्रेमाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं टीव्ही लावला असेल. केबल बदलली. फरक नाही.

९ जुलै, बुधवार

एस. पी. रोडला जाऊन आलो. एके काळी त्या गल्लीत रायटरचे ढीग असायचे. आज दुकानदाराने मोबाइलच्या कव्हरांमागून मान वर काढून विचारलं, “सीडी? यारिगे सर?” कोणासाठी, एवढं मला समजलं. बायकोसाठी म्हटलं. त्याने विंडोज नव्याने टाका असा सल्ला दिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मुकाट्याने परत आलो. यशवंतपूरपासून पुढे आमच्या कॉलनीपर्यंत रिक्षा मिळेना, पायी आलो.

आलो तेव्हा भाग्यलक्ष्मी प्रेमाची वेणी घालत होती आणि दोघींचं कन्नडमध्ये चाललं होतं. मला बघून गप्प झाल्या. भाग्यलक्ष्मी म्हणाली, अम्मा ऊरला, म्हणजे गावाला, जायचं म्हणतात. मी म्हटलं, कुठलं गाव? गाव इथेच आहे, चव्वेचाळीस वर्षं झाली. बरी झाली की बघू.

१४ जुलै, सोमवार

आज थेरपीच्या बाई आल्या होत्या. बाई केरळच्या, इंग्रजीत बोलतात. म्हणाल्या की प्रगती म्हणावी तशी नाही. घरात तिची भाषा कुठली, असं पुन्हा विचारलं. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच सांगितलं, मराठी. एकच. मग बाई म्हणाल्या, सगळ्यांनी त्याच भाषेत बोला, भाषांचा गोंधळ करू नका, मेंदू आधीच थकलेला आहे.

हे माझ्या डोक्यात अजून कसं आलं नव्हतं! मी तिकडे रायटरच्या केबली बदलत बसलो आहे आणि इथे घरात दोन-दोन भाषांचा करंट एकाच वेळी सोडतोय. टेस्टिंगचा पहिला धडाच विसरलो.

प्रेमा धारवाडची. माहेर मराठी, पण शाळा कन्नड, शेजार कन्नड, बहिणी-बहिणींतली कुजबुजसुद्धा कन्नड. मी कराडचा. मला ती भाषा भाजी आणण्यापुरती येते, स्वल्प, साकू, एष्टू म्हणजे थोडं, पुरे, किती एवढीच, आणि कारखान्यात इंग्रजी-हिंदीवर भागलं. यशश्री झाली तेव्हा मी नियम घातला, उंबऱ्याच्या आत मराठीच. तो नियम होता म्हणून बेंगळुरूत जन्मूनही पोरीची मराठी नीट राहिली. प्रेमाने तो कधी मोडला नाही. बहिणीचा फोन आला तर उठून गच्चीवर जायची. या गोष्टीचं मला फार कौतुक आहे.

तर आजपासून घरात कन्नड बंद. भाग्यलक्ष्मीला सांगितलं, मराठी येत नाही ना, मग हिंदीत बोल, नाहीतर बोलूच नकोस. अम्मा कन्नडमध्ये काही म्हणाली तर उत्तर द्यायचं नाही. तिने विचारलं, पाणी मागितलं तर? मी म्हटलं, पाणी द्यायचं, बोलायचं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

ड्रायव्हर काढून नव्याने टाकले. कृपया डिस्क घाला.

कृष्णाबाईअक्का, प्रेमाची थोरली बहीण, रोज संध्याकाळी धारवाडहून फोन करतात. फोन प्रेमाच्या कानाला लावला की दोघी कन्नडवर घसरणार, आणि दिवसभराचं पथ्य पाण्यात. काल सांगितलं, झोपली आहे. आजही तेच सांगितलं. प्रेमा जागी होती आणि माझ्याकडेच बघत होती. वाईट वाटलं. पण कडू काढा पाजताना हात धरावेच लागतात.

पथ्याचा परिणाम मात्र दिसतोय. ते निरर्थक बोलणं बरंच कमी झालं. शांत पडून असते.

२० जुलै, रविवार

यशश्रीशी भांडण झालं. आल्या आल्या आईशी कन्नडमध्ये सुरू झाली, मी थांबवलं, नियम सांगितला. ती आधी हसली. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर तिचा चेहराच बदलला.

“बाबा, आई बोलते. तुम्हांला कळत नाही, एवढंच.”

मी म्हटलं, ते बोलणं नाही, झिजलेल्या टेपवर मागचं ऐकू येतं ना, तसलं काहीतरी आहे. खाली दबलेली लहानपणची भाषा वर आली. तिच्यावर समाधान मानलं तर तिची खरी भाषा कायमची जाईल. तुला तुझी आई पूर्ण परत हवी की अर्धी? यावर ती रडायला लागली. आईला मारतहळ्ळीला घेऊन जाते म्हणाली. दोघं नवरा-बायको सकाळी बाहेर पडतात ते रात्री येतात, तिथे प्रेमाकडे बघणार कोण? हे तिलाही माहीत आहे. माझ्यावर विश्वास ठेव म्हटलं, फक्त सीडी होईपर्यंत.

जाताना तिने प्रेमाच्या गालाला गाल लावला आणि काही न बोलता निघून गेली. शिस्त पाळली. मलाच नंतर जेवण गेलं नाही.

२८ जुलै, सोमवार

हरलो असं लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचणार आहे. तीन वेगळी सॉफ्टवेअर झाली. कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत, शिरून जुन्या नोंदी पुसल्या, त्यात आख्खा रायटरच दिसेनासा झाला, तो परत आणण्यात दोन दिवस गेले. पुन्हा होतो तिथेच.

वाचता वाचता एक नवीन कळलं. कोरी सीडी खरं तर कोरी नसतेच. तिच्यावर कारखान्यातच एक बारीक खाच कोरलेली असते, आणि यंत्र आधी ती ओळखतं, मग पुढचं. ती खाच फार पुसट असते. लिहिलेली सीडी कशीही वाचता येते, ही ओळखायला नजर स्वच्छ लागते. इतकी वर्षं या धंद्यात असून मला हे ठाऊक नव्हतं.

प्रेमाचं खाणं कमी झालं आहे. दोन घास घेते आणि तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक दिलं. मी तिच्याशी मराठीत बोलतो, जुन्या गोष्टी सांगतो, ती छताकडे बघते. आता ‘री’सुद्धा म्हणत नाही. पंधरा दिवसांपूर्वी हाका मारायची तर मला त्रास व्हायचा, आज ती हाक मारावी म्हणून दाराशी उभा राहिलो. भीती वाटते. पण आता मध्येच पथ्य सोडलं तर आजवरचं सगळं फुकट.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचा उपाय म्हणून आज यंत्र उघडलं. आत धूळ असेल हे मला शक्यच वाटत नव्हतं, कारण प्रेमाने त्याला खोळ शिवलेली, ती कायम घातलेली. स्क्रू काढले, झाकण उचललं आणि बघतच राहिलो.

आत कुंकू होतं. लेन्सवर लालसर पापुद्रा, कडेला हळद, ट्रेच्या खाचेत तांदळाचे दाणे. क्षणभर कळेना, मग लख्ख कळलं. आयुधपूजा! इथे त्या दिवशी रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, फुलं लागतात. प्रेमानेही एकदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट उमटवलं होतं, तेव्हा मी ओरडलो होतो की यंत्राच्या तोंडाला असलं काही फासायचं नाही. त्यानंतर तिने पडद्याला कधी हात लावला नाही. बटण दाबून ट्रे बाहेर काढत असणार आणि मला दिसणार नाही असं आत वाहत असणार, दर दसऱ्याला.

रागावलो. महिनाभर मी रजिस्ट्री उपसत होतो आणि दुखणं हळदकुंकवाचं! मग राग कोणावर काढायचा तेच कळेना. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून लेन्स पुसली.  तो लाल कापूस घेऊन तसाच प्रेमाकडे गेलो आणि म्हटलं, ही बघ तुझी पूजा.

प्रेमाने कापूस बघितला आणि हसली. वाकडं तोंड आणखी वाकडं करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि मग काहीतरी म्हणाली, एकदोन वाक्यं, अगदी जुन्या ठसक्यात, मला चिडवताना असायचा त्या. भाग्यलक्ष्मीला पदराने तोंड दाबून हसू आवरावं लागलं.

मी विचारलं, काय म्हणाली?

“साब, आपने मना किया है,” भाग्यलक्ष्मी म्हणाली.

बरोबर होतं तिचं. नियम मीच घातलेला. माझ्या कुतूहलासाठी मोडला तर तिला काय सांगणार? पुन्हा विचारलं नाही. पण दिवसभर ते हसणं मनातून जात नव्हतं.

संध्याकाळी यंत्र जोडलं आणि कोरी सीडी घातली. दिवा लुकलुकला, खाकरणं नाही. पडद्यावर आलं, कोरी डिस्क, वापरायला तयार.

७ ऑगस्ट, गुरुवार

पहिली सीडी अर्ध्यात बिघडली, दुसरी प्लेयरने घेतली नाही. वेग कमी केला. घाई नको, आता यंत्र आपलं आहे. उद्या वरमहालक्ष्मीचा सण, भाग्यलक्ष्मी सुटीवर. जाताना प्रेमाला हळदकुंकू लावून गेली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी सीडी झाली. मंडळाच्या उत्सवातलं निवेदन आणि पाठोपाठ अभंग. प्रेमाला उशा लावून बसवलं, प्लेयर मांडीशी ठेवला, तिचा डावा अंगठा बटणावर नेला. तिने दाबलं. खोलीभर तिचा तो जुना, खणखणीत आवाज झाला, नमस्कार मंडळी म्हणणारा.  मी तिच्या ओठांकडे बघत बसलो, आता हलतील, आता हलतील.

ती ऐकत होती, पण एखाद्या चांगल्या पाहुण्या बाईचं भाषण ऐकावं तशी. अभंग लागला, मी ताल धरला. तिने प्लेयरकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडेच बघत होती. मग अंगठ्याने बटण दाबून बंद करून टाकलं.

माझा धीर सुटला. उठणार होतो, पण तिने माझा हात धरला. ‘री’ म्हणाली. किती दिवसांनी!

आणि बोलायला लागली. पुटपुटणं नव्हे. सावकाश, ठाम, अडखळत पण पुढे जात, बोलतच राहिली. सगळं कन्नडमध्ये. एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा मानेने लोखंडी कपाट दाखवलं. एकदा मध्येच हसली. ‘अक्का’ आलं, ‘यशू’ आलं, बाकी शब्द कानावरून वाहून गेले. यशश्रीला फोन लावून ऐकवावं असं मनात आलं, पण फोन बाहेरच्या खोलीत होता आणि हात तिच्या हातात. तो सोडवून घ्यायचं माझ्याच्याने झालं नाही. आणि खरं सांगायचं तर मी शब्द ऐकतच नव्हतो, मी आवाज ऐकत होतो. इतका आवाज अजून शिल्लक आहे, याच आनंदात होतो.

शेवटी तिचा सूर वर गेला. प्रश्न असतो तसा. थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

गोत्तिल्ला, म्हणजे माहीत नाही, एवढं कन्नड मलाही येतं. पण त्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की ते म्हणवेना.

“सरी,” मी म्हणालो. म्हणजे बरं, ठीक.

तिने पुन्हा विचारलं, आणखी सावकाश, लहान मुलाला विचारतात तसं.

“सरी, प्रेमा. सरी.”

तिने मोठा श्वास सोडला, माझा हात थोपटला आणि उशीवर मान टेकली. संध्याकाळी दहीभात मागून खाल्ला.

सीडीचा गुण आला! वाट मोकळी झाली. आज कन्नड आलं, उद्या त्याच वाटेने मराठी येईल. उद्या दुसरा अभंग लावायचा.

९ ऑगस्ट, शनिवार

पहाटे प्रेमा गेली. दुसरा झटका आला असं डॉक्टर म्हणाले.

१३ ऑगस्ट, बुधवार

श्रीरंगपट्टणला जाऊन अस्थी कावेरीत सोडल्या. सगळे नेतात तिथेच नेल्या.

परत आल्यावर भाग्यलक्ष्मीला त्या दिवसाचं सांगितलं. तिने विचारलं, अम्मा काय म्हणाल्या? मी आठवेल तसे आवाज करून दाखवले. तिने मनापासून ऐकलं, पुन्हा करायला सांगितलं, मग डोळे पुसून म्हणाली, “साब टाइम पे खाना खाओ, ऐसा बोला होगा अम्मा.” होगा. रात्री यशश्रीला विचारलं. मी दोन-तीनदा प्रयत्न केला, तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाबा, पुरे.” शब्द राहिलेलेच नाहीत. फक्त चाल राहिली आहे, वर जाणारी.

कुंकवाचं बघून काय म्हणाली होती, तेही भाग्यलक्ष्मीला विचारलं. ते तिला आठवत होतं. म्हणाल्या होत्या, माझं कुंकू गिळून बसलं आणि महिनाभर तुम्हांला ताकास तूर लागू दिली नाही, यंत्रसुद्धा तुमच्यावरच गेलं. मी हसलो. इतकं व्यवस्थित बोलत होती ती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

काल तेरावं झालं. आज कृष्णाबाईअक्का धारवाडला परत गेल्या. वय झालं आहे, पण कंबर वाकलेली नाही. निघण्यापूर्वी प्रेमाच्या पलंगावर हात ठेवून बसल्या होत्या. रोज फोन केला तेव्हा झोपलेली असायची का हो, असं विचारतील याची मला धास्ती होती. ते त्यांनी विचारलं नाही.

“अरविंदराव, प्रेमी शेवटाला काय म्हणाली की?”

मी सांगितलं, बोलली, बरंच बोलली. तुमचं नाव दोनदा घेतलं. एवढं ऐकून त्यांचे डोळे भरले.

“तिचेच शब्द सांगा की. कसं म्हणाली?”

 मी सगळं सांगून टाकलं, फोनचं, भाग्यलक्ष्मीला गप्प केल्याचं, आणि शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि मी न कळता होकार दिला तेही. मला वाटलं, आता त्या बोलतील, खूप बोलतील. मला ते हवंच होतं.  त्यांच्या मांडीवरचे हात तेवढे घट्ट झाले होते. मग उठल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “सरी म्हणालात की तुम्ही. ती तेवढ्यावर निवांत गेली. आता ते पाळा म्हणजे झालं.”

त्यांना स्टेशनवर सोडून आलो. घर मोकळं आहे. यशश्री म्हणते, आईच्या साड्या वाटून टाकू या, पण त्या दिवशी तिने कपाट दाखवलं होतं. साड्या अक्कांना द्यायच्या होत्या की कुणालाच नाही? अस्थी कावेरीत सोडल्या, त्या धारवाडला न्यायच्या होत्या का? यशूसाठी काही सांगत होती की माझ्यासाठी? कुठल्याही गोष्टीला हात लावायला गेलो की वाटतं, हेच तर नको म्हणत नव्हती ना.

दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. हा शब्द मी प्रेमाला दिला आहे, तिचा हात हातात असताना, दोनदा दिला आहे. आणि तो काय आहे, हे मला माहीत नाही.